विमानाच्या दारात उभी असलेली माणसं

विमानाचं दार बंद झालं की थोड्याच वेळात प्रवाशाच्या शरीरात बदल व्हायला लागतात. केबिनमधला हवेचा दाब उड्डाणभर सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई शिखर साधारण ५,४०० फूट उंच आहे. म्हणजे मुंबईहून लंडनला निघालेला माणूस नऊ-दहा तास कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच जागी, गुडघे दुमडून, एकाच खुर्चीत बसलेला असतो. तिथल्या हवेतला ओलावा वीस टक्क्यांपेक्षाही कमी असतो. घसा कोरडा पडतो, डोळे चुरचुरतात, पोट फुगतं, झोप धड लागत नाही. जेवणाची चवही उतरते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी याचा अभ्यास केला होता. कमी दाबाच्या कोरड्या हवेत मीठ आणि साखर जिभेला बरीच कमी जाणवते, असं त्यात दिसून आलं. विमानातल्या जेवणाला आपण नावं ठेवतो, पण दर वेळी दोष स्वयंपाक्याचा असतोच असं नाही.

शरीर असं कुरकुरत असताना मनावरही ताण असतो. केबिनमध्ये प्रवाशाच्या हातात जवळपास काहीच नसतं. कधी उठायचं, कधी बसायचं, पाणी कधी मिळणार, विमान कधी उतरणार, सगळं दुसरं कोणीतरी ठरवतं. घरी ज्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही, तो इथे तेवीस-सी क्रमांकाची सीट होतो. अशा अवस्थेत कोणी पाण्याचा ग्लास हातात देताना डोळ्यांकडे बघून दोन शब्द बोललं, तर ते मनात राहतं. कोणी नजर न मिळवता ट्रे आदळला, तर तोही राहतो. विमानातून उतरलेल्या माणसाला प्रवास कसा झाला असं विचारलं, तर सीटची रुंदी त्याला आठवत नाही, त्याला माणसं आठवतात. केबिन क्रूची वृत्ती हा प्रवासाचा गाभा आहे, आणि ती वृत्ती कुठून येते हे समजून घेणं प्रवाशाच्याही हिताचं आहे. त्यासाठी हे प्रकरण.

ही गोष्ट आकड्यांत मांडणारा पहिला मोठा माणूस म्हणजे यान कार्लसन. १९८१ साली स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्सची सूत्रं त्याच्या हाती आली, तेव्हा कंपनी तोट्यात होती. त्याने साधा हिशेब केला. वर्षाला आपले सुमारे एक कोटी प्रवासी. प्रत्येक जण आपल्या साधारण पाच कर्मचाऱ्यांना भेटतो आणि प्रत्येक भेट सरासरी पंधरा सेकंदांची असते. म्हणजे वर्षाला पाच कोटी वेळा, पंधरा-पंधरा सेकंदांत, ही कंपनी चांगली की वाईट हे ठरतं. विमानं, इमारती, कचेऱ्या यांच्याशी प्रवाशाला देणंघेणं नसतं. कार्लसनने यातून काढलेला निष्कर्ष मला त्या हिशेबाहूनही महत्त्वाचा वाटतो. त्या पंधरा सेकंदांत साहेबाला विचारायला वेळ नसतो, म्हणून जो माणूस प्रवाशासमोर उभा आहे, त्यालाच निर्णयाचा अधिकार द्यायला हवा. त्याने तो दिला आणि कंपनी लवकरच नफ्यात आली.

आता हाच हिशेब आपल्याकडच्या एका उड्डाणाला लावून बघू. मुंबई-गोवा, एअरबस ए-३२०, १८० प्रवासी. भारतीय नियमांप्रमाणे पन्नास सीटमागे किमान एक केबिन क्रू लागतो, म्हणजे चार जण. उड्डाण तासाभराचं. वर चढतानाचा आणि खाली उतरतानाचा वेळ वजा केला तर ट्रॉली फिरवायला फार तर चाळीस मिनिटं हातात राहतात. एकेका क्रूच्या वाट्याला पंचेचाळीस प्रवासी, म्हणजे प्रत्येक प्रवाशाला एक मिनिटसुद्धा येत नाही. त्यातच कोणाला सुटे पैसे हवेत, कोणाचं बाळ रडतंय, कोणी मार्गिकेत उभं राहून बॅग काढतंय. आणि या सगळ्यात प्रत्येकाला आपली दखल घेतली गेली असं वाटायला हवं. हे काम किती अवघड आहे, ते आकड्यांतूनच कळतं.

विमानात शिरताना दारात जो नमस्कार होतो, त्यामागेही काम चालू असतं. हसून स्वागत करणारी ती मुलगी किंवा तो मुलगा आत येणाऱ्या प्रत्येकाला निरखत असतो. कोणाच्या तोंडाला दारूचा वास येतोय का, कोण घाबरलेलं दिसतंय, कोणाला चालताना त्रास होतोय, कोण आजारी वाटतंय, कोणाबरोबर लहान मूल आहे. त्याचबरोबर धडधाकट, शांत डोक्याचे प्रवासीही हेरून ठेवलेले असतात, कारण प्रसंग ओढवला तर दार उघडायला किंवा खाली उतरलेल्यांना सावरायला त्यांची मदत मागता येते. विमान धावपट्टीवर वेग घेतं, तेव्हा जम्पसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, हात मांडीखाली ठेवून गप्प बसलेला क्रू मनातल्या मनात उजळणी करत असतो: माझं दार कोणतं, हँडल कुठल्या बाजूला फिरवायचं, बाहेर आग दिसली तर काय, ओरडून सांगायचे शब्द कोणते. रात्री उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी दिवे मंद करतात ते डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून. खिडकीचं झापड उघडायला लावतात ते बाहेरची आग आतून दिसावी म्हणून. प्रवाशाला यातलं काही सांगितलेलं नसतं. त्याला फक्त सूचना ऐकू येते आणि ती हुकमासारखी वाटते. एखादा क्रू कारण एका वाक्यात सांगतो आणि तीच सूचना काळजीसारखी वाटायला लागते. शब्द तेवढेच असतात, फरक वृत्तीचा असतो.

या व्यवसायाची सुरुवातच काळजी घेण्यातून झाली. १५ मे १९३० रोजी एलन चर्च ही परिचारिका बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात पहिली हवाई सेविका म्हणून चढली. तिला खरं तर वैमानिक व्हायचं होतं. बाईला वैमानिकाची नोकरी कोणी देईना, तेव्हा तिने कंपनीला दुसरी कल्पना सुचवली: विमानात परिचारिका ठेवा, म्हणजे घाबरणाऱ्या प्रवाशांना धीर येईल. पहिल्या तुकडीतल्या आठही जणी परिचारिका होत्या. दुसऱ्या महायुद्धात परिचारिकांची गरज आघाडीवर निर्माण झाली आणि ती अट सुटली. पुढे जेटचं युग आलं, स्पर्धा आली, आणि जाहिरातीत परिचारिकेच्या जागी सुंदर, तरुण, अविवाहित मुलगी आली. काळजी घेणं मागे पडलं आणि दिसणं पुढे आलं. प्रवाशांच्या मनात या कामाविषयी जो गैरसमज आजही घट्ट बसलेला आहे, त्याची मुळं त्या काळात आहेत.

आपल्याकडची गोष्टही याच वळणाने गेली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघालं. त्यामागे जेआरडी टाटांचा जो ध्यास होता, तो नीट समजून घेण्यासारखा आहे. जेआरडी स्वतः प्रवासी म्हणून बसत, बारकाईने बघत आणि उतरल्यावर अधिकाऱ्यांना सविस्तर टिपणं पाठवत. चहाचा रंग, पडद्यांची अवस्था, सीट किती मागे जाते, कर्मचाऱ्यांचं टापटिपीत असणं, काही सुटत नसे. १९५३ मध्ये कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी १९७८ पर्यंत ते अध्यक्षपदी राहिले आणि टिपणं चालूच राहिली. अध्यक्ष स्वतः चहाच्या कपाकडे लक्ष देतो हे गॅलीत उभ्या असलेल्या माणसाला माहीत असलं, की आपलं काम क्षुल्लक आहे असं त्याला वाटत नाही. त्या काळच्या एअर इंडियाच्या नावलौकिकात याचा वाटा मोठा होता, असं माझं मत आहे.

पण याच कंपनीत हवाई सेविकांसाठी वेगळे नियम होते. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती, तीही वाढवायची की नाही ते व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जाणार. पहिल्यांदा गरोदर राहिली तरी नोकरी जाणार. त्याच विमानात तेच काम करणाऱ्या पुरुषांना यातलं काहीच लागू नव्हतं. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेल्या. १९८१ च्या निकालात गरोदरपणाची अट आणि संचालकांची मनमानी रद्द झाली. चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र न्यायालयाने कायम ठेवली. निकाल अर्धाच न्याय देणारा होता. तरीही गरोदर राहणं हा नोकरी जाण्याइतका मोठा गुन्हा नाही, हे त्यानंतर कंपनीला मान्य करावं लागलं. प्रवाशासमोर आपुलकीने उभं राहावं अशी जिच्याकडून अपेक्षा, तिला तिची कंपनी कशी वागवते, हा प्रश्न या निकालामुळे आपल्याकडे जाहीरपणे विचारला गेला.

नेमका याच प्रश्नावर अमेरिकेत एका समाजशास्त्रज्ञ बाईंनी मूलभूत काम केलं. आर्ली हॉकशिल्ड यांनी डेल्टा एअरलाइन्सचं अटलांटातलं प्रशिक्षण केंद्र आणि तिथल्या फ्लाइट अटेंडंट यांचा जवळून अभ्यास केला आणि १९८३ मध्ये ‘द मॅनेज्ड हार्ट’ हे पुस्तक लिहिलं. हमाल अंगमेहनत विकतो, कारकून बुद्धीची मेहनत विकतो, तशी काही माणसं भावनांची मेहनत विकतात, असं त्यांनी मांडलं. केबिन क्रूला स्वतःचा राग, थकवा, भीती, दुःख बाजूला ठेवून समोरच्याच्या मनात विशिष्ट भावना निर्माण करावी लागते: मी इथे सुरक्षित आहे, माझं इथे स्वागत आहे. हे दोन तऱ्हांनी करता येतं. एक म्हणजे नुसता चेहरा हसरा ठेवायचा, आत काहीही असो. दुसरी तऱ्हा म्हणजे स्वतःच्या मनालाच वळवायचं. डेल्टाच्या प्रशिक्षणात सांगत, की केबिन म्हणजे तुमच्या घरचा दिवाणखाना समजा आणि प्रवासी तुमच्याकडे आलेले पाहुणे. एखादा प्रवासी ओरडायला लागला तर तो घाबरलेला आहे असं समजा, लहान मुलासारखा. म्हणजे राग आतूनच कमी होईल.

ही दुसरी तऱ्हा प्रवाशाला लगेच ओळखू येते. खोटं हसू आपल्याला कळतं, लहान मुलांनाही कळतं. पण मन वळवायला वेळ लागतो आणि शक्ती लागते. हॉकशिल्ड यांच्या पुस्तकातला सगळ्यांत अस्वस्थ करणारा भाग याविषयीचा आहे. सत्तरच्या दशकात इंधन महागलं, मंदी आली, १९७८ मध्ये अमेरिकेतलं विमान क्षेत्र नियंत्रणमुक्त झालं. विमानं मोठी झाली, प्रवासी वाढले, प्रत्येक प्रवाशामागे मिळणारा वेळ घटला. जाहिरातीतलं हसू मात्र तेवढंच राहिलं, किंबहुना वाढलं. कर्मचाऱ्यांनी मग स्वतःला वाचवण्यासाठी मन काढून घेतलं आणि यंत्रासारखं काम सुरू केलं. प्रवाशाला वाटलं, ही माणसं उद्धट झाली. प्रत्यक्षात त्यांच्याकडून दर तासाला जेवढी आपुलकी मागितली जात होती, तेवढी कोणत्याच माणसाकडे नसते.

आपल्याकडच्या स्वस्त विमानसेवांविषयी बोलताना हे लक्षात ठेवायला हवं. २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू झाली, २००६ मध्ये इंडिगो आली, आणि ज्यांनी विमान फक्त आकाशात बघितलं होतं ती माणसं विमानात बसायला लागली. ही फार मोलाची गोष्ट झाली. त्यासाठी विमान जमिनीवर कमीत कमी वेळ थांबायला हवं, म्हणून पंचवीस-तीस मिनिटांत एक खेप उतरवून, साफसफाई करून, दुसरी खेप चढवायची असते, आणि त्या साफसफाईत बऱ्याच ठिकाणी केबिन क्रूचाही हात असतो. दिवसात अशी चार उड्डाणं झाली, की चौथ्या उड्डाणाच्या प्रवाशाला मिळणारा नमस्कार कसा असेल, हे क्रूच्या संस्कारांइतकंच रोस्टर आखणाऱ्यावरही अवलंबून असतं.

याच काळात आपल्या विमानतळांवर आणखी एक प्रवासी दिसायला लागला. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेले नाशिकचे, साताऱ्याचे, नागपूरचे आईवडील. बरेचदा पहिलाच प्रवास, कधी एकटीच आई. हातात पासपोर्टची पिशवी, मुलाने लिहून दिलेला कागद. यांना इंग्रजीतली घोषणा कळत नाही, आणि कळली तरी डोक्यावरचं बटण दाबून कोणाला बोलवायचं म्हणजे भीड वाटते. तहान लागली तरी सांगत नाहीत. शाकाहारी जेवण नोंदवलेलं असूनही समोर दुसरंच आलं तर मुकाट्याने झाकण परत लावतात आणि पर्समधला लाडू खातात. अशा प्रवाशाच्या बाबतीत तक्रार कधीच येत नाही, त्यामुळे कंपनीच्या नोंदीत तो समाधानी प्रवासी ठरतो. त्याला ओळखायला नजर लागते. चांगला क्रू न बोलावता येतो, खाली वाकतो, सीटच्या उंचीवर येऊन हिंदीत किंवा येत असेल तर मराठीत विचारतो: “आजी, पाणी देऊ का?” वाकणं हे इथे महत्त्वाचं. वरून खाली बोललेलं वाक्य आणि डोळ्यांच्या रेषेत येऊन बोललेलं वाक्य यांत, म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने, जमीन-अस्मानाचा फरक असतो.

इथवर सोयीबद्दल बोललो. आता वृत्तीचा जिवाशी असलेला संबंध बघू, कारण यातून विमान वाहतुकीने फार मोठी किंमत मोजून धडा घेतला आहे.

१० मार्च १९८९. कॅनडातल्या ड्रायडन या छोट्या गावी एअर ऑन्टॅरिओचं एक फोकर एफ-२८ विमान इंधन भरायला थांबलं. आधीच उशीर झालेला. विमानातलं जमिनीवर वीज पुरवणारं छोटं इंजिन बिघडलेलं होतं आणि ड्रायडनला मोठं इंजिन पुन्हा सुरू करून देण्याची सोय नव्हती, त्यामुळे एक इंजिन चालूच ठेवावं लागलं. इंजिन चालू असताना या विमानाच्या पंखांवर बर्फ काढायचा फवारा मारायला मनाई होती. बाहेर ओला बर्फ पडत होता आणि पंखांवर साचत होता. केबिनमधल्या अनेकांना तो दिसत होता. प्रवाशांत सुट्टीवर असलेले वैमानिकही होते; त्यांनाही दिसत होता. केबिन क्रूलाही दिसत होता. कॉकपिटमध्ये जाऊन कोणीच बोललं नाही. विमान उडालं, पंखांना उचल मिळाली नाही, आणि धावपट्टीपलीकडच्या झाडीत कोसळलं. ६९ जणांपैकी २४ गेले.

न्यायमूर्ती व्हर्जिल मोशान्स्की यांच्या आयोगाने या अपघाताची कसून चौकशी केली. वाचलेल्या फ्लाइट अटेंडंट बाईंनी जे सांगितलं, ते या प्रकरणाचं मर्म आहे. विमान उडवण्याच्या बाबतीत केबिन क्रूने बोललेलं वैमानिकांना रुचत नाही, हे त्या नोकरीत राहून शिकल्या होत्या. सुट्टीवरच्या वैमानिकांचीही गत वेगळी नव्हती. कॉकपिटमधल्यांना माहीत असेलच, आपण कशाला मध्ये पडा, असा त्यांचा समज होता. मोशान्स्की यांनी एखाद्या माणसावर ठपका ठेवून विषय संपवला नाही. कंपनीपासून सरकारी नियंत्रकांपर्यंत संपूर्ण यंत्रणा त्यांनी तपासली.

ड्रायडनच्या दोनच महिने आधी, ८ जानेवारी १९८९ रोजी, इंग्लंडमधल्या केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलँडचं बोइंग ७३७ कोसळलं होतं. बिघाड डाव्या इंजिनात झाला आणि वैमानिकांनी चुकून उजवं बंद केलं. कॅप्टनने घोषणेत उजव्या इंजिनाचा उल्लेख केला. मागच्या प्रवाशांनी डाव्या इंजिनातून ज्वाळा बघितल्या होत्या, केबिन क्रूपैकी काहींनीही बघितल्या होत्या. घोषणा ऐकून काही प्रवासी बुचकळ्यात पडले. पण डावं की उजवं, हा प्रश्न कॉकपिटपर्यंत गेलाच नाही. ४७ जणांचा मृत्यू झाला.

या दोन अपघातांनंतर वैमानिक आणि केबिन क्रू यांना एकत्र प्रशिक्षण देण्यावर भर वाढला. उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये केबिन क्रूला नावाने ओळखणारा आणि “काहीही शंका आली तर बिनधास्त फोन करा” असं सांगणारा कॅप्टन हा मनाचा मोठेपणा दाखवत नसतो, तो विमान सुरक्षित करत असतो. आणि साखळी तिथेच थांबत नाही. कॅप्टन क्रूचं ऐकतो का, यावर क्रू प्रवाशाचं ऐकेल का हे बरंचसं ठरतं. “बाहेर काहीतरी विचित्र दिसतंय” असं म्हणणाऱ्या प्रवाशाला “काळजी करू नका” म्हणून बसवायचं, की खिडकीशी वाकून स्वतः बघायचं? ड्रायडनचं उत्तर आपल्यासमोर आहे.

उलट बाजूचं उदाहरण अलीकडचं आहे. २ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं एअरबस ए-३५० उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. लहान विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. मोठ्या विमानात ३६७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते, त्यांपैकी केबिन क्रू नऊ. धूर भरायला लागला, घोषणा करायची यंत्रणा बंद पडली, आठपैकी तीनच दारं वापरण्याजोगी राहिली. क्रूने मेगाफोन आणि नुसता गळा वापरून प्रवाशांना आधी खाली बसवलं, मग बाहेर काढलं. मागच्या दारापाशी असलेल्या क्रूला कॉकपिटशी संपर्क होत नव्हता. बाहेर बघून, दार सुरक्षित आहे याची खात्री करून, तिथल्या क्रूने ते स्वतःच्या अधिकारात उघडलं. सुमारे अठरा मिनिटांत ३७९ च्या ३७९ माणसं बाहेर पडली, शेवटी कॅप्टन. नंतर विमान जळून खाक झालं.

त्या दिवशी बहुतेक प्रवाशांनी डोक्यावरच्या बॅगा काढल्या नाहीत. नियमानुसार मोठं प्रवासी विमान निम्मी दारं बंद असताना नव्वद सेकंदांत रिकामं होऊ शकतं हे दाखवावं लागतं. पण त्या चाचणीत कोणी लॅपटॉप शोधत नसतो. खऱ्या प्रसंगात एक बॅग खाली काढली की मागची रांग थांबते. धुरात ओरडून दिलेली आज्ञा लोक का मानतात, याचं एक कारण जपानी शिस्त असेल. दुसरं कारण जपान एअरलाइन्सच्या इतिहासात आहे. १२ ऑगस्ट १९८५ रोजी या कंपनीच्या विमानाला झालेल्या अपघातात ५२० माणसं गेली. त्या विमानाचे अवशेष, प्रवाशांनी शेवटच्या मिनिटांत लिहिलेल्या चिठ्ठ्या कंपनीने २००६ पासून हानेदाजवळच्या एका केंद्रात जपून ठेवल्या आहेत आणि आपल्या कर्मचाऱ्यांना ते दाखवलं जातं. आपल्या हाती काय सोपवलेलं आहे हे ज्याने असं बघितलं आहे, त्याच्या आवाजात अधिकार येतो. आणि तासाभरापूर्वी ज्याने आपल्याला आदराने पाणी दिलं, त्याच्या ओरडण्यावर विश्वास ठेवणं सोपं जातं.

मुंबईकरांना हवाई सेविका नीरजा भनोतचं नाव सांगायला नको. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं विमान कराचीत दहशतवाद्यांनी ताब्यात घेतलं, तेव्हा तिच्या तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते. अमेरिकी प्रवासी वेगळे काढता येऊ नयेत म्हणून तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्यांचे पासपोर्ट लपवले. सतरा तासांनी गोळीबार सुरू झाला, तेव्हा तिने दार उघडलं आणि आधी प्रवाशांना बाहेर काढलं. अशोकचक्र मिळालेल्या या मुलीच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्या सतरा तासांतला मधला वेळही तितकाच मोठा वाटतो. बंदुकीच्या धाकात तो क्रू प्रवाशांना पाणी, खाणं देत राहिला, धीर देत राहिला. रोजच्या उड्डाणात जे करायचं तेच.

वृत्ती दोन्ही बाजूंची असते, हेही सांगायला हवं. २०१६ मध्ये टोरांटो आणि हार्वर्डच्या दोन संशोधकांनी एका विमान कंपनीच्या नोंदी तपासल्या. ज्या विमानात फर्स्ट क्लास होता, त्याच्या इकॉनॉमीत प्रवाशांच्या दंग्याचं प्रमाण जवळजवळ चौपट आढळलं. आणि इकॉनॉमीच्या प्रवाशांना फर्स्ट क्लासमधून चालत मागे जावं लागलं की ते आणखी वाढत होतं. अपमानाची ती ठिणगी विमान बांधणाऱ्याने आणि तिकीट विकणाऱ्याने पेटवलेली असते, झळ मात्र मार्गिकेत उभ्या असलेल्या मुलीला लागते. आपल्याकडे २०१७ पासून बेशिस्त प्रवाशांसाठी तीन पातळ्यांची शिक्षा आहे: शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, अंगाला हात लावला तर सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका होईल असं वागलं तर किमान दोन वर्षं. हा नियम हवाच होता.

शेवटी पगाराचा मुद्दा, कारण सगळ्या प्रशिक्षणाचं पाणी तिथे मुरतं. जगातल्या अनेक विमान कंपन्यांत केबिन क्रूच्या कमाईचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर मोजला जातो आणि घड्याळ सुरू होतं ते दार बंद झाल्यावर किंवा विमान जागचं हलल्यावर. प्रवासी आत घेणं, बॅगा लावून देणं, रडणाऱ्या बाळाच्या आईला सीट बदलून देणं, उशीर झालेल्या विमानात दोन तास शांतपणे उत्तरं देणं, हे सगळं त्या घड्याळाबाहेरचं. २०२२ मध्ये डेल्टाने बोर्डिंगच्या वेळेचे निम्म्या दराने पैसे द्यायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या सुमारे दहा हजार फ्लाइट अटेंडंटनी संप केला, तेव्हा जमिनीवरच्या बिनपगारी कामाचा प्रश्न अग्रभागी होता. सरकारने कामावर परतायचा आदेश दिला, तरी ते मागे हटले नाहीत. तडजोडीत त्या वेळेचा काही मोबदला मान्य झाला. प्रवाशाची आणि क्रूची पहिली भेट विमान जमिनीवर असतानाच होते. ज्या कंपनीला दारातलं स्वागत मनापासूनचं हवं आहे, तिने बोर्डिंगच्या वेळेचा पूर्ण पगार द्यावा, आणि आपण प्रवाशांनी कानातलं काढून त्या नमस्काराला उत्तर द्यावं.